धर्मांतराचें मोल कोणीं भरावें?

घरांत राहून वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या मुलावर माया करण्यांत कोणत्याहि कुटुंबाची मोठीशी थोरवी नाहीं. ती माया पशुपक्ष्यांतहि दिसते. कुटुंबाची खरी परीक्षा होते ती मुलगा वेगळ्या वाटेनें निघून जातो त्या दिवशीं. समाजाचेंहि तसेंच आहे. आपल्या रूढींत सुखानें नांदणाऱ्यांचा तो किती सत्कार करितो यावरून त्याची योग्यता ठरत नाहीं. त्याला सोडून जाणाऱ्याशीं तो कसा वागतो यावरून ठरते. या कसोटीस आमचा महाराष्ट्र लावून पाहिला असतां जें दिसतें, तें आमच्या वाचकांपुढें आज स्पष्टपणें मांडावें असा आमचा विचार आहे. विषय ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांचा आहे. परंतु त्याचें तात्पर्य कोणत्याहि एका धर्मापुरतें नाहीं.

ख्रिस्ताचें शिष्यत्व स्वस्त नाहीं, हें त्या धर्माच्या शास्त्रांतच सांगितलेलें आहे. मनोरा बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, अशा आशयाचा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानांत आहे, आणि त्याच ठिकाणीं आईबाप, बायको, मुलें व स्वतःचा जीव यांहून त्या मार्गास अधिक मानावें लागेल, अशी कठोर सूचनाहि आहे. तेव्हां जो हा मार्ग धरितो त्यानें कांहीं तरी द्यावें लागेल, हें ओघानेंच आलें. अहंकार द्यावा, आराम द्यावा, वैर द्यावें, प्रसंगीं प्राण द्यावा. हें मोल धर्म मागतो, आणि तें देणारा तें आपखुषीनें देतो. त्याविषयीं बाहेरच्यांनीं बोलण्याचें कारण नाहीं.

परंतु याहून अगदीं निराळें असें दुसरें एक देणें आहे, आणि तें ख्रिस्तानें मागितलेलें नाहीं. जातीनें पंक्तीबाहेर काढणें, बापानें दार लावणें, भावानें वाटणी नाकारणें, बायकोस नवऱ्यापासून तोडणें, शेजाऱ्यानें विहिरीवरून हाकलणें, हा सारा समाजानें बसविलेला दंड आहे. मोल आणि दंड यांतला हा भेद आमच्याकडे दोन्ही बाजूंनीं विसरला गेला. जुन्या मताच्या लोकांस वाटलें, कीं हा दंड म्हणजे धर्मरक्षण. आणि कित्येक मिशनरी मंडळींस वाटलें, कीं हा दंड सोसणें म्हणजेच शिष्यत्व. एकानें छळाला पुण्य मानिलें, दुसऱ्यानें छळाच्या कथांस भूषण मानिलें; आणि ज्यांनीं कोणताहि मार्ग निवडला नव्हता अशीं माणसें मधल्यामध्यें भरडलीं गेलीं.

दंडाचें स्वरूप किती विचित्र होतें हें पाहावयाचें असेल, तर १८४३ सालची मुंबईची हकीकत पाहावी. त्या वर्षीं नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनरींच्या घरीं जाऊन राहिला. हा मुलगा बारा वर्षांच्या सुमाराचा होता व त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली, आणि कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. चार वर्षांपूर्वीं, १८३९ सालीं, धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या बाबतींत तो कळत्या वयाचा असल्यामुळें त्याला आपल्या मर्जीनें जाऊं दिलें होतें. श्रीपत लहान म्हणून त्याला घरीं पाठविलें. येथवर न्यायास सोडून कांहीं झालें असें आम्हांस वाटत नाहीं. न समजणाऱ्या वयाच्या मुलाचा धर्म त्याच्या पालकांस वगळून कोणीं ठरवूं नये, ही गोष्ट आम्हांस तेव्हांइतकीच आजहि मान्य आहे.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. मुलगा परत आला, तेव्हां जात त्याला घेईना! परधर्मीयांच्या घरीं त्याचें अन्नपाणी झालें होतें. ज्यांनीं मुलगा नेला म्हणून आक्रोश केला, त्यांतल्याच कित्येकांनीं तो परत आल्यावर कवाडें बंद केलीं. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनीं पुढें होऊन त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. शास्त्राधारें प्रायश्चित्त होऊं शकतें असें प्रतिपादन केलें. आणि त्यापायीं त्यांना जुन्या मंडळींचा रोष व बहिष्काराचा जाच सोसावा लागला. आम्ही विचारतों, कीं यांत रक्षण झालें तें कशाचें? मुलाचें नव्हे, बापाचें नव्हे, धर्माचेंहि नव्हे. ज्या घराला बाहेर जाण्याचें दार आहे पण आंत येण्याचें नाहीं, तें घर दिवसेंदिवस ओस पडावयाचें, एवढा साधा हिशेबहि त्या पंडितांस सुचला नाहीं.

बाहेर जाणें तर दूरच राहो. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें कांहीं मोठ्या मंडळींनीं नुसता चहा घेतला, तरी केवढें ग्रामण्य माजलें हें सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेहि त्या यादींत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं रानड्यांसारख्या पुरुषासहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. एका पेल्याचा हिशेब ज्या समाजांत असा वसूल होई, तेथें बाप्तिस्म्याचा हिशेब कसा होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ती कल्पनाच करावयास नको, इतकें स्पष्ट चित्र आमच्या भाषेंत लिहून ठेवलेलें आहे. नारायण वामन टिळक हे कोंकणांतील करजगांवचे ब्राह्मण, कवि व विद्वान. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांना नव्या कराराची प्रत दिली; ती वाचून त्यांच्या मनानें जी दिशा घेतली, तिचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ या दिवशीं मुंबईस त्यांच्या बाप्तिस्म्यांत झाला. त्यांनीं खर्चाचा हिशेब केला होता. त्यांना मार्ग दिसला होता; ते त्यावर चालले; आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं त्यांच्या विरोधकांसहि शंका घेतां आली नाहीं.

परंतु लक्ष्मीबाईंनीं कोणता हिशेब केला होता? बालपणीं लग्न झालेलें, अक्षरओळखहि नवऱ्यानें करून दिलेली, पदरीं लहान मूल. आणि एके दिवशीं पति हयात असून संसार नाहींसा झालेला. ना ती विधवा, ना तिच्या सौभाग्यास घर. समाजाच्या वहींत तिच्यासाठीं रकानाच नव्हता. नातेवाइकांच्या आश्रयानें दिवस काढतां काढतां चार-पांच वर्षें गेलीं. पुढें ती पतीकडे अहमदनगरास गेली तेव्हां तिनें आपलें सोंवळें, स्वयंपाक व पाणी वेगळें ठेविलें. आणि टिळकांनींहि तें ठेवूं दिलें. एका छपराखालीं दोन धर्म आणि दोन चुली राहिल्या, आणि आकाश कोसळलें नाहीं. कालांतरानें जातिभेद मनुष्यानें केला आहे, देवानें नव्हे, हें तिचें तिलाच उमगलें. तो भेद तिनें आधीं टाकला, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं, आपल्या बुद्धीनें घेतला. ‘स्मृतिचित्रें’ या तिच्या आत्मकथेंत ही सारी हकीकत इतक्या निर्मळ विनोदानें सांगितलेली आहे, कीं वाचणारा हंसतां हंसतां मध्येंच थांबतो आणि त्याचे डोळे भरून येतात.

या उदाहरणांतून आम्ही दोन गोष्टी शिकतों. पहिली ही, कीं त्या पांच वर्षांच्या विरहास धर्ममतांतील भेद कारण नव्हता. मतें भिन्न असतांहि तीं दोघें पुढें एकत्र राहिलीं, हाच त्याचा पुरावा. विरह घडविला तो लोकलज्जेनें, पंक्तिभेदानें आणि बाटलेल्या नवऱ्याकडे गेलेली बायकोहि बाटली या समजुतीनें. दुसरी गोष्ट टिळकभक्तांस कदाचित् रुचणार नाहीं, तरी सांगणें प्राप्त आहे. ज्याला सत्य सांपडलें असें वाटतें, त्यानें आपल्या सहधर्मचारिणीस त्या शोधाची पूर्ण कल्पना न देतां तिच्यावर परिणाम मात्र लादावा, हें न्याय्य नव्हे. स्वतःचें मोल स्वतः भरणें हें शौर्य होय. दुसऱ्याच्या गांठीचें भरणें हें तसें नव्हे. टिळकांनीं पुढें पत्नीच्या सोंवळ्यास जो मान दिला, त्यानें ही उणीव बऱ्याच अंशीं भरून निघाली. पण जेथें तसा नवरा नव्हता, तेथील लक्ष्मीबाईंनीं आत्मकथा लिहिल्या नाहींत, म्हणून त्यांचीं दुःखें आम्हांस ठाऊक नाहींत इतकेंच.

शिष्यत्वाचें मोल हिंदु समाजानेंच तेवढें वाढविलें असेंहि कोणीं समजूं नये. ख्रिस्ती संस्थांनींहि आपला दंड वसूल केलेला आहे. गोमंतकांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचें न्यायासन होतें. बाप्तिस्मा घेतलेल्यांनीं जुने आचार पाळले तर त्यांना शासन होई, आणि १७३६ च्या जाहीरनाम्यानें तर अंगणांतल्या तुळशीसहि बंदी केली. तें युग गेलें. परंतु माणूस आपल्याकडे आला कीं त्याच्या सद्‌सद्विवेकाच्या किल्ल्या आपल्याच कमरेस लागल्या, ही समजूत त्या युगाबरोबर गेली नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां तेथील धर्मभगिनींस वाटलें, कीं आतां या विदुषीनें आम्ही सांगूं तें निमूट मानावें. एका पुरोहितशाहीचें जूं मानेवरून काढून दुसरीचें घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या. त्या बायबल मानीत. बायबलाच्या मक्तेदारांस मानीत नसत. म्हणून त्यांना दोन्हीकडे मोल पडलें.

इकडे १८८९ सालीं त्यांनीं विधवांसाठीं शारदासदन काढलें, तेव्हां सुधारकांनीं त्यास हात दिला; आणि १८९३ सालीं मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात असा बोभाटा होतांच रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. आम्ही सुधारकांचेच वारस असल्यामुळें याविषयीं सांभाळून, परंतु खरें लिहितों. धर्मशिक्षण न देण्याचें वचन ज्या संस्थेनें दिलें, तिनें तें अक्षरशः व भावार्थानेंहि पाळावें, ही मागणी रास्त होती. परंतु वचन मोडलें असें वाटतांच ज्या मुलींस पालकांनीं काढून नेलें, त्यांच्यासाठीं दुसरें सदन तत्काळ कोणीं उभारिलें? अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं काम आरंभिलें, तोंवर तीन वर्षें गेलीं. ज्या घरांत विधवेस केशवपन आणि कोपरा यांपलीकडे कांहीं मिळत नाहीं, त्या घरानें ती ज्या दारीं आसरा पावली त्या दारास नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्या कोपऱ्याकडे पाहावें.

येथें एक आक्षेप येईल, आणि त्यास उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. कोणी म्हणेल, कीं सगळेच टिळक किंवा रमाबाई नव्हेत. दुष्काळांत पोटासाठीं, शाळेसाठीं, औषधासाठीं पुष्कळ लोक बाटले. त्यांच्या शिष्यत्वाचें कौतुक कशाला? आमचें उत्तर असें, कीं भाकरीच्या तुकड्यास धर्माची अट जोडणें हें नीच कृत्य आहे, मग तें करणारा कोणत्याहि धर्माचा असो. अशी अट कोणीं घातल्यास त्याचा निषेध करण्यांत आम्ही मागें राहणार नाहीं. परंतु ज्या महार-मांगांस गांवच्या पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती, त्यांनीं आपल्यास माणूस म्हणणाऱ्याचा हात धरिला, तर त्यास केवळ पोटाचा व्यवहार म्हणणें हें भरल्या पोटीं सुचणारें तत्त्वज्ञान होय. मान हीहि भूक आहे. शिवाय, जो गरीब आहे त्याला मत असूंच शकत नाहीं, हें गृहीतक तर त्याच्या दारिद्र्याहूनहि अपमानकारक आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १८५० च्या एकविसाव्या कायद्यानें, धर्म किंवा जात सोडल्यामुळें कोणाचा वारसाहक्क जाणार नाहीं, असें ठरलें. १८६६ सालीं दुसरा कायदा झाला. धर्मांतर केलेल्या नवऱ्यास अगर बायकोस जोडीदारानें त्याच कारणास्तव टाकलें, तर कोर्टानें विचारास पुरेसा अवधि देऊन मग विवाहबंधन सोडवावें, अशी त्यांत तजवीज होती. म्हणजे दंडाची सक्ती कायद्यानें बरीच कमी केली. पुढें स्वतंत्र भारताच्या घटनेच्या पंचविसाव्या कलमानें सद्‌सद्विवेकाचें स्वातंत्र्य सर्वांस दिलें. तरीहि दंडाचे अवशेष कायद्याच्याच पुस्तकांत राहिले आहेत. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याचें सव्विसावें कलम पाहा. धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क जात नाहीं. पण धर्मांतरानंतर त्याला झालेलीं मुलें, वारसा उघडतेवेळीं हिंदु नसतील, तर हिंदु नातलगांच्या मिळकतीस मुकतात. आजोबांच्या घरावरचा नातवाचा हक्क बापाच्या प्रार्थनेवर अवलंबून! धर्म बदलला बापानें आणि दंड भरावा नातवानें, हा कोणता न्याय?

त्याहून मोठा प्रश्न अनुसूचित जातींचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें या सवलती प्रथम हिंदु धर्मीयांपुरत्याच होत्या. १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉक्टर आंबेडकरांच्या मागोमाग ज्यांनीं धम्म स्वीकारला, त्यांना या आदेशांत जागा मिळण्यास चौतीस वर्षें वाट पाहावी लागली. ख्रिस्ती व मुसलमान झालेल्यांस ती मिळालेलीच नाहीं. त्या धर्मांत अस्पृश्यता नाहीं, म्हणून सवलत नको, असा युक्तिवाद केला जातो. धर्मग्रंथांत ती नसेल. पण गांवांत आहे, आणि कित्येक ठिकाणीं देवळाप्रमाणें चर्चच्या बाकांवर व स्मशानांतहि ती पोंचली आहे. ज्या अन्यायाची ही भरपाई आहे तो अन्याय माणसाच्या जन्मावरून होतो, आणि भरपाई मात्र त्याच्या उपासनेवरून थांबते. जखम एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. ख्रिस्ती संस्थांनींहि यांतून आपलें अंग काढून घेऊं नये. चर्चमधील जातिभेद मोडण्याचें काम सरकारी आदेशाची वाट पाहत नाहीं.

मग उपाय काय? तो परदेशांतून आणावयास नको. महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिक्षण घेतलें, मिशनरींचे उपकार मोकळ्या मनानें मानिले, आणि स्वतः मात्र ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं एका कुटुंबाची कल्पना मांडली आहे: बाईनें बौद्ध मत पत्करावें, पतीनें ख्रिस्ती व्हावें, मुलीनें इस्लाम घ्यावा, मुलानें सत्यधर्म आचरावा, आणि सर्वांनीं एकमेकांचा हेवा न करितां, एकाच आईबापांचीं लेंकरें असल्याप्रमाणें, प्रेमानें एकत्र नांदावें. हें पुस्तक छापून चार वर्षें होतात न होतात तोंच टिळकांचें घर मोडलें. औषध घरांत होतें. रोग्यानें तें घेतलें नाहीं, एवढेंच.

खुद्द टिळकांनींहि शेवटीं याच दिशेस पाऊल टाकिलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ति पत्करिली, आणि ‘देवाचा दरबार’ या नांवानें बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचें एक बंधुमंडळ उभारण्याचा उद्योग आरंभिला. १९१९ सालीं मृत्यूनें तो अपुरा ठेविला. पण त्याचा अर्थ ध्यानांत घेण्याजोगा आहे. ज्यानें एका कुंपणाबाहेर पडण्यासाठीं सर्वस्व दिलें, त्याला दुसरें कुंपण बांधण्याची इच्छा राहिली नाहीं.

आमच्या शास्त्रांत पतितासाठीं घटस्फोट नांवाचा विधि सांगितला आहे. आप्तांनीं जमून, तो मेला असें समजून, पाण्याचा घडा लवंडून द्यावयाचा आणि त्याच्याशीं संबंध तोडावयाचा. आज तो विधि कोणी करीत नाहीं, आणि त्या शब्दाचा अर्थहि नवराबायकोच्या काडीमोडीपुरता उरला आहे. परंतु मनांतल्या मनांत असे घडे अजून लवंडले जातात. मुलगी चर्चमध्यें जाऊं लागली म्हणून बाप बोलत नाहीं. मुलानें चर्च सोडलें म्हणून आई लग्नास येत नाहीं. दोन्हीकडे आपण धर्माची सेवा करीत आहों अशी समजूत असते.

आम्हांस सांगावयाचें आहे तें एवढेंच. ज्याला आपल्या श्रद्धेचें मोल द्यावयाचें असेल त्यानें तें स्वतःच्या गांठचें द्यावें, आणि घरच्यांस विश्वासांत घेऊन द्यावें. धर्मसंस्थांनीं अजाण मुलांस हात लावूं नये, घाई करूं नये, आणि आलेल्यास परत जाण्याची मोकळीक ठेवावी. कायद्यानें नातवाच्या वारशांतून व दलिताच्या हक्कांतून उपासनेचा प्रश्न काढून टाकावा. आणि घरानें, मुलगा कोणत्या देवाचें नांव घेतो हें विचारण्याआधीं, तो जेवला कीं नाहीं हें विचारावें. जो धर्म बाहेर जाणाऱ्यास दंड केल्यावांचून टिकत नाहीं, तो टिकून तरी काय साधणार? आणि जो खरोखर टिकण्याजोगा आहे, त्याला पोरक्या लेंकरांचे अश्रु पायांत घालावे लागत नाहींत.